‘यथाशक्ति’ या शब्दाची मर्यादा

दोन्ही सेनांच्या मध्ये रथ उभा केल्यावर अर्जुनाने आपल्या देहाची जी अवस्था सांगितली, ती गीतेच्या पहिल्या अध्यायात २८ ते ३० या श्लोकांत आली आहे. गात्रे गळून गेली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, हातातून धनुष्य निसटत आहे, त्वचेचा दाह होत आहे, उभे राहवत नाही आणि मन जणू भोवंडत आहे. अखेर तो रथात खाली बसतो. त्यावर भगवंतांचे आरंभीचे शब्द कठोर आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात ते या अवस्थेला क्लैब्य म्हणतात, हृदयाचे क्षुद्र दौर्बल्य म्हणतात, आणि ते टाकून ऊठ, अशी आज्ञा करतात.

हा श्लोक ज्या घरात कधी ऐकला गेला नाही असे गीताप्रेमी घर विरळा. परंतु जे वचन सर्वांच्या तोंडी असते त्याचा दुरुपयोगही तितकाच सुलभ असतो. ज्याला खरोखरच उभे राहवत नाही अशा माणसाला हे वचन ऐकविले जाते, आणि ऐकविणाऱ्याला वाटते की आपण त्याला धीर देत आहोत. उभे राहवत नाही, या एकाच वाक्याच्या मुळाशी मोह असू शकतो, तसाच देहाचा विकारही असू शकतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. या दुसऱ्या प्रकारचा एक रोग आज वैद्यकाला चांगला परिचित झाला आहे. त्याची ओळख करून घेऊ गेले असता धर्मविचारातील एक जुनाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. कर्तव्य यथाशक्ति करावे असे शास्त्र म्हणते. पण ही शक्ती मोजावयाची कोणाच्या मापाने?

एका घराची कल्पना करावी. ते घर इंदुरात असो, लखनऊत असो की मदुरैत असो, गोष्ट एकच. घरात सासूसासरे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे आहेत. सून कामाची, हसतमुख. पावसाळ्यात तिला ताप आला, आठ दिवसांत उतरला. पण ती पूर्वीची राहिली नाही. सकाळी अंथरुणातून उठून उभी राहिली की छातीत धडधड सुरू होते. ओट्यापाशी दहा मिनिटे उभी राहिली की हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बुद्धीवर धुके पसरल्यासारखे होते आणि पोळी तव्यावर तशीच टाकून तिला खाली बसावे लागते. बसली की पाच मिनिटांत बरे वाटते. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. रक्तदाब पाहिला, तोही ठीक. “फार काळजी करता, विश्रांती घ्या,” एवढे सांगून त्यांनी तिला घरी पाठविले. मग घरात कुजबुज सुरू झाली. “आजार असता तर तपासणीत दिसला नसता का?” असे सासूबाई म्हणाल्या. “आमच्या वेळी बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात जात्यावर बसत होतो.” सासरे गीतेचे नित्य पाठ करणारे. त्यांनी एके दिवशी सुनेला जवळ बोलावून ममतेने तोच दुसऱ्या अध्यायातला श्लोक सांगितला. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिला स्वतःविषयीच संशय वाटू लागला की आपण आळशी तर झालो नाही? या रोगातील सर्वांत मोठे दुःख धडधडीचे नसून या संशयाचे आहे.

आता देहात काय घडते ते पाहू. मनुष्य उभा राहताच सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पृथ्वीच्या आकर्षणाने पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतील मोठ्या धमनीच्या आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भित्तींत काही सूक्ष्म ज्ञानतंतू आहेत. त्यांना दाब कमी झाल्याची वार्ता लागते, ते ती मेंदूस कळवितात, आणि मेंदूच्या आज्ञेने पायांतील व पोटातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हृदयाचे ठोकेही मिनिटाला दहावीस वाढतात. हा सर्व व्यापार काही क्षणांत उरकतो आणि निरोगी माणसाला त्याची खबरही नसते. उभे राहणे म्हणजे काहीच न करणे, असे आपण समजतो. वस्तुतः ते देहाचे एक अखंड कर्मच आहे. प्रस्तुत रोगात हे कर्म बिघडते. कोणाच्या रक्तवाहिन्यांना आकुंचनाची आज्ञा नीट पोहोचत नाही, कोणाच्या देहात रक्ताचे प्रमाणच उणे असते, कोणाच्या ठायी हृदयाला चेतविणारे द्रव्य अतिमात्र स्रवते, आणि अनेकांच्या ठायी ही कारणे मिश्र असतात. परिणामी उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत ठोके तीस किंवा त्याहून अधिक वाढतात. बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत ही मर्यादा चाळीसची धरतात. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही, आणि म्हणूनच निजवून किंवा बसवून केलेल्या तपासणीत रोग सापडत नाही. ही लक्षणे तीन महिने टिकली आणि पांडुरोग, थायरॉईडचा विकार, अन्य औषधांचे परिणाम इत्यादी दुसरी कारणे निघाली नाहीत, तर डॉक्टर या रोगाचे निदान करतात. त्याचे लांबलचक नाव पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम असे आहे. आद्याक्षरांवरून त्याला पॉट्स म्हणतात. रुग्णांत स्त्रियांची संख्या पुष्कळच अधिक असते आणि बहुधा पंधरा ते पन्नास या वयात तो जडतो. पुष्कळदा एखाद्या विषाणुजन्य तापानंतर त्याचा आरंभ होतो. २०२० मधील कोविडच्या साथीनंतर असे रुग्ण जगभर मोठ्या संख्येने दिसू लागले.

हे नाव १९९३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी रूढ केले, पण व्याधी नवी नसावी. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांपैकी अनेकांना धडधड, भोवळ व थकवा यांनी ग्रासले होते. जेकब डा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये त्यांच्या या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातही तोच प्रकार दिसला आणि थॉमस लुईस या हृदयवैद्याने त्याचा कसून अभ्यास केला. त्या रुग्णांपैकी सर्वांनाच आजचा हा रोग होता असे म्हणता येणार नाही. पण बऱ्याच जणांना तो असावा असे आजचे वैद्य मानतात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही माणसे तोफांपुढे उभी राहिलेली होती. त्यांच्यापैकी कोणाला क्लैब्याचा श्लोक सांगणे किती विपरीत झाले असते!

पुन्हा अर्जुनाकडे वळावे. भगवंतांनी त्याच्या अवस्थेला हृदयाचे दौर्बल्य म्हटले, तेथे हृदय म्हणजे छातीतला मांसपिंड नव्हे, मन होय. आणि हे अर्जुनाला स्वतःलाही कळले होते. सातव्या श्लोकात तो आपला स्वभाव कार्पण्यदोषाने झाकोळला गेला आहे, धर्माविषयी चित्त संमूढ झाले आहे, असे निदान आपल्याच तोंडाने सांगतो आणि शिष्यभाव पत्करतो. रोग मोहाचा, म्हणून औषध ज्ञानाचे. शिवाय ऊठ म्हणून एका श्लोकात सांगितले तरी तेवढ्याने अर्जुन उठला नाही, आणि भगवंतांनीही तीच आज्ञा नुसती मोठ्या आवाजात पुन्हा दिली नाही. त्यांनी कारण शोधले आणि त्या कारणाचा परिहार होईतो, अठराव्या अध्यायापर्यंत, उपदेश केला. ज्या सुनेच्या मनात मोह नाही, काम करण्याची इच्छा तर भरपूर आहे, आणि ज्याच्या दौर्बल्याची शंका घ्यावी ते हृदयही आलेखात निर्दोष ठरले आहे, तिला हा श्लोक लागू करणे म्हणजे एकाच्या औषधाची मात्रा दुसऱ्याच्या घशात ओतणे होय.

आता धर्माचा प्रश्न. आपल्या आचारात उभे राहण्याला फार मोठे स्थान आहे हे खरे. वडील माणूस आले की उठून उभे राहावे. आरतीला उभे राहावे. देवदर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात प्रातःसंध्येचा जप सूर्यदर्शन होईपर्यंत उभ्याने आणि सायंसंध्येचा जप बसून करावयास सांगितला आहे. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की वृद्ध जवळ येताच तरुणाचे प्राण वर जाऊ लागतात आणि उठून अभिवादन केल्याने ते त्याला परत मिळतात. हे वचन या रोग्याने वाचले तर त्याला खिन्न हसू येईल, कारण त्याचे प्राण उठून उभे राहिल्यानेच वर जाऊ लागतात.

परंतु उभे राहणे हे या सर्व कर्मांचे अंग आहे की प्रधान? पूर्वमीमांसेने हा भेद अतिशय काळजीपूर्वक केला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रश्न असा निघतो की अग्निहोत्रासारखे यावज्जीव करावयाचे नित्यकर्म सर्व अंगांसह जमत असेल तरच करावे, की काही अंगे जमत नसली तरी करावे? पूर्वपक्ष म्हणतो, सर्व अंगे जमत असतील तरच. सिद्धान्त त्याच्या उलट आहे. नित्यकर्मात प्रधान सोडू नये, अंगे शक्य असतील तितकी करावीत. काम्यकर्माचा नियम निराळा. तेथे फलासाठी कर्म आहे, तेव्हा सर्व अंगे साधत असतील त्यानेच ते हाती घ्यावे. ‘यथाशक्ति’ हा आपल्या संकल्पात रोज उच्चारला जाणारा शब्द या विचाराच्या आधारावर उभा आहे. म्हणजे तो शब्द आळशाला दिलेली सूट नव्हे. ज्याच्या देहातून एखादे अंग निसटले आहे त्याला प्रधान न सोडण्याची ती आज्ञा आहे. उभ्याने जप होत नसेल तर बसून करावा. जप सोडू नये.

आणि बसणे हे काही गौणच आहे असेही नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी उपासना बसून करावी, कारण तशीच ती संभवते, असा निर्णय आहे. त्यावर शंकराचार्यांनी दिलेले कारण आजच्या शरीरशास्त्राशी विलक्षण जुळते. ते म्हणतात की उभ्या असलेल्या माणसाचे मन देह सावरून धरण्यात गुंतलेले असते, त्यामुळे सूक्ष्म वस्तूचे निरीक्षण करण्यास ते समर्थ होत नाही. निजलेल्याला अकस्मात झोप घेरते. बसलेल्याला हे दोष टाळता येतात. उभे राहणे हा एक व्यापार आहे, त्याला काही मोल द्यावे लागते, हे आचार्यांना नाडी मोजल्यावाचून दिसले होते. ज्या देहाला हे मोल दुप्पट चौपट पडते त्याच्याविषयी त्यांनी काय म्हटले असते ते सांगावयास नको.

व्रतांच्या बाबतीत हा विवेक अधिकच निकडीचा आहे, कारण या रोगात देहातील पाणी उणे होणे हे सर्वांत घातक. ज्येष्ठाच्या उन्हात निर्जळ एकादशी, हरितालिकेचा अथवा उत्तरेकडील करवा चौथीचा पाण्यावाचूनचा उपवास, आणि त्यात दिवसभर उभ्याने चाललेली कामे, हे सर्व एकत्र आले म्हणजे असा रोगी सायंकाळपूर्वी भोवळ येऊन पडल्यास नवल नाही. सौभाग्यादी फलाचा संकल्प करून घेतलेली व्रते काम्य आहेत. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे ज्याला ती सांग करता येत नाहीत त्याच्यावर ती करण्याचे बंधनच नाही. राहिली नित्य व्रते. त्यांविषयी एक प्राचीन वचन निबंधकार आदराने उद्धृत करतात. त्यात आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे सांगितले आहे. त्या आठांत पहिले स्थान पाण्याला आहे आणि शेवटचे औषधाला. जणू काही या रोग्यांसाठीच कोणी तो क्रम लावला असावा! नित्य व्रतात प्रतिनिधीचीही सोय शास्त्राने ठेविली आहे. इतके असूनही घरातील वडील मंडळी पाण्याचा पेला पुढे करण्यास कचरतात, कारण शास्त्रापेक्षा शेजारणीचे भय अधिक असते.

येथे एक प्रबळ आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात शीतोष्ण व सुखदुःख येणारी जाणारी आहेत, ती सहन कर, असे भगवंत सांगतात. विवेकचूडामणीत तर तितिक्षेची व्याख्या करताना दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता व विलाप न करता सोसणे, असे म्हटले आहे. मग नाडी मोजणे, पाणी मोजून पिणे, दर घटकेला देहाकडे पाहणे ही देहबुद्धीच नव्हे काय? याचे उत्तर अधिकारभेदात आहे. ती व्याख्या साधनचतुष्टयाच्या प्रकरणातील आहे. सर्व सोडून ज्ञानासाठीच निघालेल्या मुमुक्षूचे ते लक्षण आहे. ज्याच्या देहावर दोन लेकरे, वृद्ध मातापिता आणि एक चूल अवलंबून आहे, त्याचा देह एकट्याचा नसतो. त्याला तिसऱ्या अध्यायाचा आठवा श्लोक लागू आहे; तेथे नियत कर्म करण्यास सांगून, कर्मावाचून शरीरयात्राही चालणार नाही, असे भगवंतांनी बजावले आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या आणि त्यांत धन व परलोक यांच्याही आधी प्राणाची एषणा ठेविली, ती याच हिशेबाने. प्राण गेले की बाकीच्या दोहोंना आश्रयच उरत नाही. प्रतिकार शक्य असेल तेथे प्रतिकार हे कर्तव्य, आणि प्रतिकार करूनही जे उरते तेथे तितिक्षा. या रोगात बरेच काही उरते, आणि ते वर्षानुवर्षे सोसावे लागते. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या व सहाव्या श्लोकांत शास्त्रविहित नसलेले घोर तप करून देहातील भूतसमुदायाला आणि अंतर्यामी असलेल्या ईश्वरालाही जे कृश करतात, त्यांचा निश्चय आसुर म्हटला आहे. सोसण्याचा अभिमानही त्या वाटेने जाऊ शकतो.

प्रतिकार करावयाचा तो कोणता? त्यातील पहिला ऐकूनच सात्त्विक आहाराचा आग्रह धरणारे गृहस्थ दचकतील. या रोग्यांपैकी पुष्कळांना डॉक्टर दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि त्याबरोबर नेहमीपेक्षा बरेच अधिक मीठ घेण्यास सांगतात, कधी कधी दिवसाला दहा ग्रॅमपर्यंत. निरोगी माणसाने पाच ग्रॅमच्या आत राहावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असताना हे प्रमाण दुप्पट झाले. मिठाने पाणी देहात टिकते आणि रक्ताचे प्रमाण वाढते, हा त्यातील हेतू. पण गीतेने तर सतराव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात खारट आहाराची गणना राजसात केली आहे! आणि चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतिरेक करू नये असे सांगितले आहे. मग हा रोगी राजस आहारी ठरला काय?

श्लोक नीट वाचला पाहिजे. त्यातील ‘अति’ हा शब्द केवळ उष्ण या एकाच शब्दाशी न जोडता कडू, आंबट, खारट या सर्वांशी जोडावा, असे शंकराचार्य भाष्यात स्पष्ट सांगतात. निषेध मिठाचा नाही, अतिरेकाचा आहे. आणि अतिरेक कशाने ठरतो? सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात फार खाणाऱ्याला व मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे. तेथे आचार्यांनी श्रुतीचा आधार देऊन सांगितले की जे अन्न स्वतःच्या मापाचे असते ते रक्षण करते, त्याहून अधिक असेल ते हिंसा करते, त्याहून कमी असेल ते रक्षण करीत नाही. स्वतःच्या मापाचे, हे शब्द मोलाचे आहेत. युक्त आहाराचे माप शेजाऱ्याच्या ताटात नसते. ज्ञानेश्वरांनीही या प्रकरणी आहार, चालणे, बोलणे आणि झोप या सर्वांना मापच लावले आहे. एका देहात जे मीठ अतिरेक आहे ते दुसऱ्या देहात उणीव भरून काढणारे औषध असते. अर्थात हे माप रोग्याने मनाने ठरवावयाचे नाही. ज्याला रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्याला हेच मीठ प्राणघातक होईल. म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कधीही वाढवू नये.

बाकीचे उपाय साधे आहेत आणि ते घरात सहज बसतात. उठण्यापूर्वी उशाशी ठेवलेले दोन पेले पाणी प्यावे. मग कुशीवर वळावे, पाय खाली सोडून थोडा वेळ बसावे आणि नंतर उभे राहावे. पोटऱ्यांपुरते नव्हे, पोटापर्यंत येणारे घट्ट मोजे घातले तर रक्त खाली साठण्यास अटकाव होतो. जेवण एकदम भरपेट न करता थोडे थोडे करावे. कढत पाण्याने स्नान आणि भर उन्हातील फेरफटका टाळावा. काहींना पलंगाची उशाकडील बाजू वीतभर उंच केल्याने गुण येतो. भोवळ येणार असे वाटताच पायावर पाय टाकून मांड्या आवळून धराव्यात, आणि तेही न जमले तर लाज न धरता खाली बसावे. स्वयंपाक बसून करावा. हा उपाय सुचवताच सुना संकोचतात, पण आपल्या घरांतील ओटा तो किती जुना? चुलीपुढे पाटावर बसून रांधणाऱ्या पिढ्या फार दूर गेलेल्या नाहीत. स्वयंपाक उभ्याने करण्याची चाल त्यांच्या नंतरची. याखेरीज ठोके आवरणारी व रक्तवाहिन्या आवळणारी काही औषधे आहेत. ती डॉक्टर प्रकृती पाहून देतात.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असे समजेल की रोग्याने बसून राहावे. तसे नाही, आणि नाण्याची ही दुसरी बाजू घरच्यांपेक्षा रोग्याने अधिक लक्षात ठेवावयाची आहे. अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात देहाला क्लेश होतील या भयाने केलेल्या कर्मत्यागाला भगवंतांनी राजस म्हटले आहे. या रोगात हे भय कसे शिरते ते पाहण्यासारखे आहे. उभे राहिले की त्रास होतो, म्हणून माणूस निजून राहतो. निजून राहिल्याने रक्ताचे प्रमाण घटते, स्नायू झिजतात, हृदयही आक्रसते. आणि मग उभे राहणे पहिल्याहून कठीण होते. विश्रांती हेच या रोगाचे खाद्य बनते. म्हणून पुष्कळांना डॉक्टर व्यायाम सांगतात, पण तो उभ्याचा नव्हे. आरंभी निजून किंवा टेकून चालवावयाची सायकल, वल्हविण्याचा व्यायाम, पोहणे; आठवड्यामागून आठवडे त्यात अल्प अल्प भर घालीत काही महिन्यांनी चालण्यापर्यंत यावयाचे. पहिल्या महायुद्धात लुईसने आपल्या सैनिकांना असाच क्रमाने वाढणारा व्यायाम दिला होता. पहिले काही आठवडे थकवा वाढल्यासारखा वाटतो आणि तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो. सहाव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात धैर्याने धरलेल्या बुद्धीने हळूहळू उपरम साधावा असे म्हटले आहे ते मनाविषयी. परंतु ज्याने हा व्यायाम सहा महिने चालविला असेल त्याला धैर्य आणि हळूहळू हे दोन शब्द एकत्र का आले ते निराळे समजावून सांगावे लागत नाही. काही रोग्यांना मात्र थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सर्व शक्ती हरपल्यासारखी होते. त्यांच्या ठायी दुसरी व्याधीही असू शकते आणि बळेच रेटलेला व्यायाम त्यांना अपाय करतो. त्यांची वाट डॉक्टरांनी निराळी आखली पाहिजे.

मग खरी अशक्ती आणि भयाने किंवा आळसाने सुचविलेली अशक्ती यांतील भेद कळावा कसा? काही अंशी नाडीने कळतो. रोग्याने दहा मिनिटे स्वस्थ पडून राहावे, नाडी मोजावी. मग भिंतीला न टेकता उभे राहावे आणि दहा मिनिटांपर्यंत ती पुनःपुन्हा मोजावी. जवळ कोणीतरी असावे. वर कल्पिलेल्या घरात सासऱ्यांनी स्वतः घड्याळ हाती घेऊन सुनेची नाडी मोजली असे समजू. निजलेली असता ठोके ७२, उभी राहून आठ मिनिटे झाली तेव्हा ११८. त्या वृद्धाने आपल्या बोटांखाली ते धावणे अनुभवले. मग त्याला श्लोक आठवला नाही, खुर्ची आठवली. परंतु नाडी सर्वच सांगत नाही. दोघांची नाडी सारखीच वाढली तरी एकाला कामावर जाता येते, दुसऱ्याला स्नानघरापर्यंत जाता येत नाही. तीच व्यक्ती आज जे करते ते उद्या करू शकत नाही. उष्मा, मासिक पाळी, झोपमोड यांनी माप रोज बदलते. ही गोष्ट घरच्यांना सर्वांत जड जाते. “काल तर बाजारात जाऊन आलीस,” हे वाक्य या रोग्यांनी जितके ऐकले असेल तितके दुसरे ऐकले नसेल. शेवटी माप लावणारा रोगी स्वतःच, आणि साक्षी त्याचे अंतःकरण. बसून जेवढे करता येते तेवढे तो मनापासून करतो की तेही सोडतो, एवढे त्याने रोज स्वतःला विचारावे. ते विचारण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

दुसऱ्यांकडे निराळे तप आहे. सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीचे तप सांगितले आहे ते असे की बोलणे उद्वेग न आणणारे असावे, सत्य असावे, प्रिय आणि हितकर असावे. चार अटी एकाच वेळी पाळावयाच्या आहेत. “सगळ्यांनाच चक्कर येते” हे वाक्य पहिल्याच अटीला अडखळते. “तुला काही झालेले नाही” हे दुसरीला. “तू निजून राहा, तुझ्याने काही व्हायचे नाही” हे प्रिय वाटले तरी हितकर नाही. जिला उभे राहण्याचे तप जमत नाही तिच्या घरातल्या माणसांना हे बसल्या जागेचे तप करावयाचे आहे, आणि ते काही कमी कठीण नाही.

त्या घरात पुढे काय झाले असेल? रोग समूळ गेला असे समजण्याचे कारण नाही. काहींचा तो काही वर्षांत बराच ओसरतो, काहींचा मागे राहतो. आयुष्याला त्यापासून सहसा धोका नसतो, पण आयुष्याची घडी बदलते. ओट्यापाशी एक उंच स्टूल आले. निर्जळ एकादशीला सासूबाईंनी स्वतः सैंधव घातलेले लिंबूपाणी सुनेपुढे ठेवले आणि आपला उपवास नेहमीसारखा केला. सून रोज दुपारी टेकून बसण्याच्या सायकलीवर वीस मिनिटे पाय मारते. प्रथम ती तीनच मिनिटे मारीत होती. गीतेच्या शेवटी, अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात, अर्जुन आपण स्थित आहो असे म्हणतो. त्याचा अन्वय संदेह गेल्याशी आणि आज्ञा पाळण्याशी आहे, हे सासरे आता पाठ करताना मुलांना समजावून सांगतात.

श्रावणातल्या एका सोमवारी आरतीला आलेल्या शेजारणीने सुनेला पाटावर बसलेली पाहिली आणि भुवई उंचावून सासूबाईंकडे पाहिले. “तिला बसूनच करायला सांगितलं आहे,” सासूबाई म्हणाल्या, आणि आरतीचे तबक त्यांनी सुनेच्या हाती दिले.